हिरवळीचे खत आणि बोअरवेलचे पाणी

मे महिना संपत आला की मोठ्या सोसायट्यांच्या आवारातली हिरवळ पिवळी पडू लागते. कुठे मातीचे टक्कल दिसते, कुठे लव्हाळा माजतो. सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो, ‘एवढा खर्च करून लॉन असे कसे?’ मग सेक्रेटरी माळ्याला सांगतात, ‘काका, यंदा खत जरा जास्तच टाका.’ पंपाच्या खोलीतली युरियाची गोणी बाहेर येते आणि तासाभरात अर्धी रिकामी होते. आठवड्याभरात गवत गडद हिरवे दिसू लागते, सगळे खूश होतात. त्यानंतर काही पट्टे जळाल्यासारखे तपकिरी होतात. पहिला मोठा पाऊस येतो आणि जमिनीवर राहिलेले पांढरे-पिवळसर दाणे दिसेनासे होतात.

ते दाणे विरघळले एवढेच आपल्याला दिसते. विरघळून गेले कुठे, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही. पण त्याच हिरवळीच्या कडेला बहुधा सोसायटीची बोअरवेल असते. महापालिकेचे पाणी कमी आले की तीच बोअर चालू होते आणि तेच पाणी काही घरांत पिण्यासाठीही वापरले जाते. म्हणून हिरवळीला कोणते खत द्यावे आणि किती द्यावे, हा प्रश्न फक्त बागकामाचा राहत नाही. तो आरोग्याचाही आहे.

पिवळेपणाचे कारण आधी शोधा

ताप आला म्हणून कोणी लगेच अँटिबायोटिक सुरू करू नये, तसेच गवत पिवळे पडले म्हणून लगेच युरिया टाकू नये. पिवळेपणाची कारणे अनेक असतात. पाणी कमी पडणे, पाणी साचून मुळे गुदमरणे, इमारतीची सावली, रोजच्या वर्दळीने घट्ट झालेली माती आणि यंत्राने फार खोलवर केलेली कापणी, यांपैकी काहीही असू शकते. गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग एका वेळी कापू नये, हा साधा नियम. तो मोडला की मुळांना अन्न पुरवणारी पानेच उरत नाहीत. अशा हिरवळीला खताने बरे वाटत नाही.

खताचीच उणीव असेल तर पाने ती ओळखायला मदत करतात. नत्र कमी पडले की जुनी, खालची पाने आधी पिवळी होतात, कारण रोप तिथले नत्र काढून नव्या पानांना देते. लोह कमी पडले तर उलटे होते. कोवळी पाने पिवळी दिसतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे बरेचदा आढळते. जमिनीत लोह असते, पण ती अल्कधर्मी असल्याने मुळांना ते घेता येत नाही. अशा हिरवळीवर कितीही युरिया ओतला तरी पिवळेपणा हटत नाही. तिथे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात अर्धा टक्का विरघळवून फवारल्यास फरक दिसतो.

खात्रीचा मार्ग माती परीक्षणाचा. आठ-दहा ठिकाणांहून चार ते सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्यायची, एकत्र मिसळायची आणि त्यातली अर्धा किलो माती सावलीत वाळवून कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यायची. नुकतेच खत टाकलेल्या जागेची माती घेऊ नये. अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे येतात. या तपासणीला फारसा खर्च येत नाही आणि एका गोणीचा अनावश्यक खर्च टळला तरी तो भरून निघतो.

गोणीवरचे तीन आकडे

खताच्या गोणीवर १०:२६:२६ किंवा १८:४६:० असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा, आणि तिन्ही टक्केवारीत. औषधाच्या गोळीवर पाचशे मिलिग्रॅम लिहिलेले असते, तसेच हे. युरियात ४६ टक्के नत्र असते, बाकी काही नाही. डीएपी म्हणजे १८:४६:०. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ नर्सरीत छोट्या पुड्यांतून मिळते.

नत्राने पाने वाढतात आणि हिरवी होतात. स्फुरद मुळांच्या वाढीला लागते, म्हणून नवी हिरवळ लावताना ते उपयोगी पडते. पालाशाने ऊन आणि पाण्याचा ताण सोसण्याची ताकद येते. जम बसलेल्या हिरवळीला मुख्य गरज नत्राची असते. पालाश त्याहून कमी आणि स्फुरद फारच थोडे लागते. तरीही ‘सगळे असलेले खत चांगले’ या समजुतीने १०:२६:२६ सारखे खत वर्षानुवर्षे टाकले जाते. त्यातून अर्धा किलो नत्र द्यायचे तर पाच किलो खत लागते आणि त्याबरोबर जवळपास सव्वा किलो स्फुरद आणि तेवढेच पालाश विनाकारण जमिनीत जाते.

आता मात्रा पाहू. हिरवळीला एका वेळी एका चौरस मीटरला पाच ग्रॅमपेक्षा जास्त लवकर विरघळणारे नत्र देऊ नये, हा सर्वसाधारण नियम. एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे साधारण शंभर चौरस मीटर होतात. म्हणजे एका गुंठ्याला एका वेळी फार तर अर्धा किलो नत्र. युरियाच्या हिशेबात हे सुमारे एक किलो भरते. त्याच्या निम्मे, म्हणजे अर्धा किलोच दोनदा विभागून दिले तर अधिक चांगले.

सोसायटीची हिरवळ तीन गुंठ्यांची असेल तर एका वेळी तीन किलो युरिया ही वरची मर्यादा झाली. युरियाची गोणी ४५ किलोची असते. ती अर्धी रिकामी केली म्हणजे साडेबावीस किलो, मर्यादेच्या सातपट. औषधाची सातपट मात्रा कोणी घेणार नाही, पण गवताच्या बाबतीत ती सहज दिली जाते, कारण गोणीतून ओंजळीने टाकलेल्या खताचे वजन कोणी करत नाही. म्हणून पंपाच्या खोलीत गोणीशेजारी एक साधा वजनकाटा असायला हवा.

गवताने न घेतलेले खत

जादा खताला तीन वाटा असतात. पहिली गवताला जाळणारी. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावले की पाणी सुटते, कारण मीठ पेशींतले पाणी ओढून घेते. खत हाही एक क्षार आहे. मुळांभोवती तो दाटला की पाणी मुळांतून बाहेर ओढले जाते आणि भरपूर पाणी घालूनही गवत तहानेने जळते.

दुसरी वाट हवेची. युरिया ओलसर जमिनीवर पडून राहिला की मातीतली विकरे त्याचे अमोनियात रूपांतर करतात आणि तो उडून जातो. कडक ऊन आणि अल्कधर्मी काळी माती असेल तर हे लवकर घडते. खत टाकल्याबरोबर हलके पाणी दिले तर ते मुळांपर्यंत पोहोचते आणि ही गळती कमी होते.

तिसरी वाट पाण्याची. मातीतले जिवाणू नत्राचे नायट्रेट करतात. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही. मुळांनी ते उचलले नाही तर पावसाबरोबर खाली झिरपते आणि भूजलात मिसळते. सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा थर देणे केंद्र सरकारने २०१५ मध्ये सक्तीचे केले, ते नत्राचे नायट्रेट होण्याची ही क्रिया मंद व्हावी म्हणूनही. पण मात्राच सातपट असेल तर कडुनिंबाचा थर काय करणार?

एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये. एक किलो युरियातल्या सगळ्या नत्राचे नायट्रेट झाले तर ते दोन किलोच्या आसपास भरते. तेवढे नायट्रेट सुमारे ४५ हजार लिटर शुद्ध पाण्याला या मर्यादेवर आणू शकते. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. प्रत्यक्षात सगळे नत्र पाण्यात जात नाही. काही गवत घेते, काही हवेत उडते, काही मातीत अडकून राहते. निरोगी, दाट हिरवळ तर नत्र चांगले धरून ठेवते. पण जादा टाकलेल्या वीस किलोंतला थोडासा भागही किती पाणी बिघडवू शकतो, याची कल्पना या हिशेबावरून येते.

निळे पडणारे बाळ

नायट्रेटचा सर्वात गंभीर धोका बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये अशा बाळांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिऊन ती निळी पडली होती आणि त्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट भरपूर होते.

शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते. हे नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि त्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्यांच्या रक्तात हा बदल परतवणारे विकर पुरेसे असते. पहिल्या काही महिन्यांत बाळाकडे ते कमी असते, शिवाय त्याच्या जठरात आम्लही कमी असल्याने नायट्राइट तयार करणारे जिवाणू तिथे वाढू शकतात. बाळाचे ओठ, नखे, त्वचा निळसर-राखाडी दिसू लागते. प्राणवायू देऊनही रंग सुधारत नाही. रक्त काढले तर ते चॉकलेटी दिसते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही अशा वेळी फसवा आकडा दाखवतो. वेळेत ओळखले तर मिथिलीन ब्ल्यू हे औषध शिरेतून देऊन बाळ वाचवता येते. म्हणून निळे पडलेल्या बाळाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि घरात बोअरचे पाणी वापरात असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. कँडलचा किंवा अतिनील किरणांचा फिल्टरही ते काढू शकत नाही. आरओ यंत्रणा बरेचसे काढते. सर्वात सोपे संरक्षण म्हणजे पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. आईने नायट्रेटयुक्त पाणी प्यायले तरी तिच्या दुधात त्याचे प्रमाण फारसे वाढत नाही. वरचे दूध देणे भागच असेल तर ते तपासलेल्या पाण्यातच कालवावे.

भूजलातले सगळे नायट्रेट हिरवळीच्या खतामुळे येते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. शेतातली खते, गळक्या सांडपाण्याच्या वाहिन्या, शोषखड्डे आणि गोठे यांचा वाटा मोठा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांतल्या विहिरी नायट्रेटची मर्यादा ओलांडताना दिसतात. पण आधीच भरत आलेल्या भांड्यात सोसायटीने आपल्या हाताने भर घालावी का, एवढाच प्रश्न आहे. बोअरचे पाणी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही सोय आहे.

स्फुरदाची कहाणी वेगळी. ते मातीला चिकटून राहते आणि पावसात मातीसकट वाहून नाले, तलाव गाठते. तिथे त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. पुण्याचा पाषाण तलाव, कोल्हापूरचा रंकाळा यांनी जलपर्णीचा त्रास सोसला आहे. तिथे मुख्य दोष सांडपाण्याचा, पण दोन्हींतले पोषक द्रव्य तेच. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये लाखो लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. ईरी सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष पाण्यात उतरले होते आणि तेही उकळून जात नव्हते. त्यामागे प्रामुख्याने शेतांतून वाहून आलेले स्फुरद होते. मिनेसोटा राज्याने तर हिरवळीवर स्फुरदयुक्त खत टाकण्यावर २००५ पासून राज्यभर निर्बंध घातले. नवी हिरवळ लावताना किंवा माती परीक्षणात उणीव दिसली तरच तिथे ते वापरता येते.

मग निवड कशी करावी?

आपल्याकडच्या हिरवळींत हरळी, म्हणजे गणपतीला वाहतात त्या दूर्वांच्या कुळातले गवत, किंवा मेक्सिकन गवत असते. ही उष्ण हवेतली गवते. पावसाळ्यात आणि पाणी मिळाले तर उन्हाळ्यात ती जोमाने वाढतात, थंडीत मंदावतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत खत देऊ नये. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर एक हलकी मात्रा, ऑगस्टमधल्या उघडीपीत दुसरी आणि सप्टेंबरअखेर तिसरी, एवढे बहुतेक हिरवळींना पुरते. हवामान विभागाने मुसळधार पावसाचा इशारा दिला असेल तर गोणी उघडू नये. ऐन जुलैच्या झडीत टाकलेले खत गवतापेक्षा नाल्याला जास्त मिळते.

सेंद्रिय खते नत्र हळूहळू सोडतात, त्यामुळे गवत जळण्याचा धोका कमी असतो. निंबोळी पेंडीत चार ते पाच टक्के नत्र असते. एका गुंठ्याला दहा किलो पेंड म्हणजे साधारण अर्धा किलो नत्र झाले, तेही काही आठवड्यांत विभागून. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचे खत चाळून त्याचा पाव ते अर्धा सेंटीमीटरचा थर पसरला तर घट्ट माती भुसभुशीत होते आणि पाणी धरून ठेवते. कापलेले बारीक गवत पिशव्यांत भरून फेकण्याऐवजी तिथेच पसरू दिले तर हिरवळीच्या नत्राच्या गरजेचा सुमारे एक चतुर्थांश भाग त्यातूनच भागतो. पण सेंद्रिय म्हणजे बिनधोक असे नाही. तेही गरजेपेक्षा जास्त टाकले तर नायट्रेट आणि स्फुरद त्यातूनही येतेच.

दाणेदार खत टाकताना कोरड्या गवतावर, वजन करून, निम्मे उभ्या आणि निम्मे आडव्या दिशेने चालत टाकावे. लगेच हलके पाणी द्यावे. फरशीवर, रस्त्यावर सांडलेले दाणे झाडून परत हिरवळीवर टाकावेत. तिथून ते थेट पावसाच्या गटारात जातात.

माळीकाका, मुले आणि जनावरे

खत टाकणाऱ्या माळ्याच्या हाती मोजे आणि पायात बूट असावेत. शेणखतात आणि मातीत धनुर्वाताचे जिवाणू असतात आणि अनवाणी पायाची छोटी जखमही त्यांना पुरते. त्याची धनुर्वाताची लस दहा वर्षांच्या आत झाली आहे का, हे सोसायटीने विचारायला हवे. शेणखत पूर्ण कुजलेलेच घ्यावे. कंपोस्टची कोरडी धूळ नाकात जाऊ नये म्हणून ते थोडे ओले करूनच हाताळावे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये कंपोस्टमधल्या लिजिओनेला जिवाणूंमुळे न्यूमोनिया होतो, म्हणून तिथे पिशव्यांवरच तसा इशारा छापलेला असतो.

खतात कीटकनाशक मिसळून टाकण्याची सवय अधिक घातक. हुमणी किंवा वाळवीसाठी फोरेटचे दाणे टाकले जात. या कीटकनाशकावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुना साठा एखाद्या कोपऱ्यात पडलेला असू शकतो. त्याच्या विषबाधेत घाम, लाळ, उलट्या आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या दिसतात. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि पाकीट सोबत न्यावे.

खत कधीही शीतपेयाच्या बाटलीत किंवा स्वयंपाकघरातल्या डब्यात काढून ठेवू नये. पांढरे दाणे मीठ-साखरेसारखे दिसतात. हिराकसही कुलपात हवा. गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांत हेच रसायन असते आणि लहान मुलाने ते जास्त गिळले तर जिवावर बेतते. एरंडीच्या पेंडीत रिसिन हे विष असू शकते. तिच्या वासाने कुत्री ओढली जातात, त्यामुळे पाळीव प्राणी असलेल्या आवारात ती टाळलेली बरी. युरिया माणसाला फारसा विषारी नाही, पण गाई-शेळ्यांच्या पोटात त्याचा झपाट्याने अमोनिया होतो आणि जनावर दगावते. उघडी गोणी किंवा खताच्या पाण्याची बादली त्यांच्या वाटेत ठेवू नये.

पेंड किंवा शेण भिजवलेल्या पाण्याचे पिंप उघडे राहिले तर तिथे डास अंडी घालतात. डेंगीच्या दिवसांत त्यावर दाट कापड बांधून ठेवावे. खत टाकल्यावर पाणी देऊन गवत पूर्ण वाळेपर्यंत मुलांना तिथे खेळू देऊ नये आणि खेळून आल्यावर त्यांनी हात धुवावेत.

यंदाच्या बैठकीत हिरवळीचा विषय निघेल तेव्हा तीन गोष्टी टेबलावर असाव्यात: माती परीक्षणाचा अहवाल, बोअरच्या पाण्याचा नायट्रेट अहवाल आणि हिरवळीचे गुंठ्यांतले क्षेत्रफळ. ते पाहूनच माळीकाकांना किलोमध्ये आकडा लिहून द्यावा. ‘जरा जास्तच टाका’ असे सांगू नये. हिरवळ थोडी फिकी राहिली तरी कोणाचे काही बिघडत नाही. तळमजल्यावर एखादे तान्हे बाळ असेल आणि त्याच्या दुधाची बाटली बोअरच्या पाण्याने भरली जात असेल, तर मात्र त्या पाण्याचा अहवाल आधी पाहायला हवा.